शशिरेखेचं प्रेम लिहायचं तर

जुन्या तेलुगू सिनेमातल्या नटी सावित्रीवर ज्याचा जीव जडलाय त्याला तिच्यावर काहीतरी लिहावंसं वाटणारच, पण लिहायला बसायच्या आधी एक ठरवून टाका, तुम्ही सावित्रीची लव्ह स्टोरी लिहिताय की 'मायाबाजार' सिनेमात तिनं साकारलेल्या शशिरेखेची? माझं मत विचाराल तर शशिरेखेचीच लिहा. सावित्री ही खरी बाई होती हो, नट जेमिनी गणेशनशी लग्न, मग तो दुरावा, दारू, १९८१ मध्ये मृत्यू, हे सगळं तिनं स्वतः भोगलंय, आणि आपण तिला कुणाच्या तरी मिठीत बसवून तिच्या तोंडी आपले डायलॉग घालायचे, हे मला पटत नाही कारण नाही म्हणायला ती इथे नाहीये. आजच्या हिरॉइनींबद्दलही मी हेच म्हणेन.

शशिरेखा मात्र सगळ्यांची आहे. व्यासांच्या महाभारतात ती नाहीच! बलरामाची ही पोरगी आणि तिचं अभिमन्यूवरचं प्रेम लोकांनीच रचलं, आपल्याकडची वत्सला ती हीच, वत्सलाहरणातली. म्हणजे १९५७ चा 'मायाबाजार' उभा आहे तोच मुळात लोकांनी महाभारतात घातलेल्या भरीवर, मग आपण अजून थोडी घातली तर काय बिघडलं.

आता सावित्रीकडून काय घ्यायचं, तर तिचं काम. घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन द्वारकेत येतो ना, तेव्हा पडद्यावर सावित्रीच असते पण चाल घटोत्कच झालेल्या रंगारावांची, तोच रुबाब, छाती पुढे, आणि कुणी बघतंय म्हटल्यावर लगेच नवरीची लाज. काय बाई होती! हे पुन्हा पुन्हा बघा, आवाज बंद करून बघा, मान कधी वळते, नजर कधी खाली जाते ते टिपून ठेवा. बहुतेक फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, इथेच फसतात, डोळे कसे, केस कसे यावर पानंच्या पानं, आणि ती करते काय याचा पत्ता नाही.

आणि जागा शोधा, सिनेमानं सोडलेली. द्वारकेत खोट्या शशिरेखेची धमाल चालू असते तेव्हा खरी शशिरेखा कुठे असते? जंगलात, घटोत्कचाच्या घरी, झोपेतच पलंगासकट उचलून आणलेली. अभिमन्यू तिथेच आहे, आत्या सुभद्रा सासू होणार आहे, हिडिंबा घरची मोठी, आणि तिकडे बाप आपलं लग्न दुर्योधनाच्या लक्ष्मणकुमाराशी लावतोय हे हिला माहिती आहे. आनंद आणि धाकधूक एकत्र, रोमान्सला अजून काय पाहिजे? सिनेमाचं सगळं लक्ष द्वारकेत, त्यामुळे हे दिवस जवळजवळ रिकामेच आहेत. एरवी प्रियदर्शिनी, म्हणजे आपलं आवडतं माणूस दाखवणारी जादूची पेटी, उघडून अभिमन्यूला बघणारी ही पोरगी, आता तो समोरच बसलाय म्हटल्यावर काय बोलेल? ती जागी होते तिथून सुरू करा, मला तो पहिला दिवस वाचायचाय.