भिंतीच्या अलीकडचे चित्रपट

मित्रहो, लातुरात उभे राहून ऑस्करविषयी बोलायचे म्हणजे थोडे संकोचाचेच काम आहे. २०२४च्या ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात जे दहा चित्रपट होते, त्यांविषयी माझी मते मांडावीत, असे आपल्या मंडळाने सुचवले. निकाल १० मार्च २०२४ रोजी लागला, 'ओपनहायमर'ने तेरा नामांकनांपैकी सात पुरस्कार नेले, हे आपण जाणताच. दहाही चित्रपटांना मी सारखा वेळ देणार नाही, कारण ते पाहताना एकच प्रश्न माझ्या मागे लागला होता. गोष्ट एकाच्या घरी घडते आणि कॅमेरा मात्र दुसऱ्याच्या अंगणात मांडला जातो, हे कसे?

या प्रश्नाचे मूळ आपल्याच गावात आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्यामागोमाग कॅमेरेही आले. आमच्या गल्लीत टँकरपाशी एका बाईला एका वार्ताहराने, डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवून पुन्हा उचलायला आणि चालून दाखवायला सांगितले होते, कारण पहिल्या वेळी तिच्या चेहऱ्यावर पुरेसे कष्ट दिसले नव्हते. तिने मुकाट्याने पुन्हा चालून दाखवले. तिचे नाव त्याने विचारले नाही. मीही तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, हेही सांगून टाकतो.

म्हणून 'अमेरिकन फिक्शन' पाहताना मला हसू येत होते आणि लाजही वाटत होती. कॉर्ड जेफरसन यांचा हा चित्रपट पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१मधील कादंबरीवर आधारलेला आहे. मंक हा कृष्णवर्णीय प्राध्यापक-लेखक गंभीर पुस्तके लिहितो आणि ती खपत नाहीत. कृष्णवर्णीयांच्या लेखनातून बंदुका, तुरुंग, परागंदा बाप एवढेच बाजाराला हवे असते. चिडून, टोपणनावाने, तो तसलेच एक पुस्तक चेष्टेखातर लिहितो, आणि नेमके तेच डोक्यावर घेतले जाते. पुढे तो ज्या पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर आहे, तिथे ते पुस्तक येते. मंडळातले दोन कृष्णवर्णीय परीक्षक त्याला विरोध करतात, तिघे गोरे त्याच्या बाजूने मत देतात, आणि ते मत देता देता त्यांतल्याच एक बाई म्हणतात की, आज कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकणे फार गरजेचे आहे. संपूर्ण वर्षातला इतका बोचरा विनोद मला दुसरा आठवत नाही.

मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्यांना हे नवे नाही. आपल्याकडच्या तरुणाने पुण्या-मुंबईला कथा पाठवली की तिच्यात दुष्काळ, सावकार आणि शेतकऱ्याची आत्महत्या शोधली जाते. हे सारे आपल्याकडे आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण याच मातीत आईच्या विस्मरणाने हतबल झालेला, भावाशी धड बोलू न शकणारा, पुस्तके वाचून आढ्यतेखोर झालेला माणूसही असतो, आणि त्याची गोष्ट 'ग्रामीण' ठरत नाही. मंकच्या घरात नेमके हेच चाललेले असते. चित्रपटाचा तो घरगुती भाग काही समीक्षकांना संथ वाटला, मला मात्र तोच अस्सल वाटला. शेवटाविषयी माझी तक्रार आहे. तीन-तीन शेवट दाखवून दिग्दर्शक हुशारीने निसटतो.

'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'मध्ये हा प्रश्न अधिक जीवघेणा होतो. १९२०च्या दशकातील अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ओसेज या मूलनिवासी जमातीच्या जमिनीखाली तेल सापडले होते. त्या उत्पन्नातला वाटा वारशानेच मिळायचा, म्हणून गोऱ्या पुरुषांनी ओसेज बायकांशी लग्ने केली आणि मग त्या घरांत एकामागून एक माणसे मरू लागली. स्वतःच्याच पैशांसाठी मॉली ही ओसेज बाई कायद्याने नेमलेल्या गोऱ्या पालकासमोर बसते आणि कायद्याने तिला दिलेले 'अक्षम' हे बिरूद स्वतःच्या तोंडाने, शांतपणे उच्चारते, तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. मॉली साकारणाऱ्या लिली ग्लॅडस्टोन यांचे मौन तिच्या नवऱ्याच्या भूमिकेतल्या डिकॅप्रिओ यांच्या सगळ्या संवादांना पुरून उरते. तरीही साडेतीन तासांच्या या चित्रपटात आपण बहुतेक वेळ मारेकऱ्यांच्याच सोबत असतो. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांना हे उमगले असावे, कारण अखेरीस ते साऱ्या कथेचे रेडिओवरच्या करमणुकीत रूपांतर करतात आणि स्वतः ध्वनिक्षेपकासमोर येऊन मॉलीच्या मृत्यूची बातमी वाचतात. तीत त्या हत्यांचा उल्लेख नव्हता, एवढेच सांगून ते थांबतात. कलावंताने दिलेली अशी कबुली क्वचित पाहायला मिळते. दहा नामांकने मिळूनही या चित्रपटाला एकही पुरस्कार मिळाला नाही, आणि माझे मत कोणी विचारलेच तर मी ते याच चित्रपटाला दिले असते, दोषांसकट.

कॅमेरा चुकीच्या अंगणात जाणूनबुजून ठेवणे म्हणजे काय, हे जोनाथन ग्लेझर यांनी 'द झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये दाखवले. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस याचे घर छावणीच्या भिंतीला लागून आहे. बाग फुललेली, मुले पाण्यात डुंबताहेत, बाईसाहेब कुणाचा तरी फरचा कोट अंगावर घालून पाहताहेत. भिंतीपलीकडचा संहार एकदाही दिसत नाही, फक्त धूर, भुंकणे, गोळीचा आवाज आणि दिवसरात्र चाललेली घरघर. ध्वनीचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला तो सर्वस्वी रास्त होता. त्या संहाराची तुलना मी कशाशीच करत नाही, करूही नये. पण 'गावकूस' हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसाला भिंतीच्या अलीकडचा निवांतपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'ओपनहायमर' मी छत्रपती संभाजीनगरला जाऊन मोठ्या पडद्यावर पाहिला आणि भारावलो, हे मान्य करतो. हिरोशिमाची छायाचित्रे दाखवली जातात तेव्हा कॅमेरा अणुबॉम्ब घडवणाऱ्या ओपनहायमरच्या चेहऱ्यावर राहतो आणि तो नजर वळवतो. त्याच्याच डोळ्यांनी पाहायचे ठरवल्यावर हे तर्कशुद्ध आहे. परंतु तीन तास एका माणसाच्या अपराधभावनेत रमल्यावर ती भावनाच वैभवशाली वाटू लागते, आणि तिथे मला हा चित्रपट कमी पडतो.

जस्टिन त्रिए यांचा 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' दोनदा पाहावा. फ्रान्समधल्या न्यायालयात नवऱ्याच्या मृत्यूचा खटला चालतो. आरोपी बाई मूळची जर्मन, फ्रेंच तोकडे, म्हणून ती इंग्रजीचा आधार घेते. आपल्याकडे निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आणि मोडीत असल्यामुळे, वाचून दाखवणारा जे सांगेल ते खरे मानून पिढ्या भांडल्या, त्यामुळे परक्या भाषेतून सत्य गाळून घेणे काय असते ते आपल्याला पटकन कळते.

'पास्ट लाइव्ह्‌ज'मधील कोरियन 'इन-यॉन' या कल्पनेपाशी उपशीर्षके अडखळतात, मराठीत मात्र त्यासाठी 'ऋणानुबंध' हा शब्द तयारच आहे. चित्रपट नाजूक आहे, क्वचित जास्तच. 'द होल्डओव्हर्स' उबदार आहे, 'बार्बी' चतुर, 'माएस्ट्रो' सजावटीत हरवलेला. 'पुअर थिंग्ज'मधील एमा स्टोन यांचे काम थोर आहे, पण चित्रपट मला दमवून गेला.

दहांच्या यादीबाहेरचा एक माहितीपट सांगतो. निशा पाहुजा यांचा 'टू किल अ टायगर' माहितीपटांच्या नामांकनात होता. झारखंडमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार होतो, आरोपींपैकीच एकाशी तिचे लग्न लावून टाका असे गाव म्हणते, आणि तिचा अल्पभूधारक बाप न्यायालयात उभा राहतो. गावकरी चित्रीकरण करणाऱ्यांवरही संतापतात आणि तो संताप चित्रपटात तसाच ठेवला आहे. मुलीचा चेहरा झाकायचे आधी ठरले होते. ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला चित्रपट दाखवण्यात आला, आणि चेहरा न झाकण्याचे तिने स्वतः ठरवले.