बोटीला ब्रेक नसतो

[गेटवे ऑफ इंडिया. लाँचमध्ये चढणारे प्रवासी.]

गेटवेहून घारापुरीला जायला लाँचने साधारण तासभर लागतो. वाटेत मालवाहू जहाजं, नौदलाच्या बोटी, मच्छीमारांच्या होड्या, सगळ्यांची ये-जा एकाच पाण्यात. १८ डिसेंबर २०२४च्या दुपारी याच वाटेवर 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. १५ जणांचा जीव गेला. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, असं वाचलेल्या अनेक प्रवाशांनी नंतर सांगितलं.

स्टिअरिंग दिसलं की मोटारबोट गाडीसारखीच वाटते. पण बोटीला ब्रेक नसतो. गिअर न्यूट्रलला टाकला तरी ती पुढे जातच राहते. किती पुढे, ते ठरवतात तिचं वजन, वारा आणि पाण्याची ओढ. त्यामुळे वेग आधीच कमी करावा लागतो, आणि त्यासाठी नजर सतत पुढे हवी. नियमही रस्त्याच्या उलटे: समोरासमोर आलेल्या दोन मोटारबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी येणारी बोट आपल्या उजव्या हाताला असेल, तर वाट आपण द्यायची.

[जवळून: चालकाच्या जॅकेटला अडकवलेली लाल दोरी.]

ही किल स्विचची दोरी. एक टोक स्विचला, दुसरं चालकाच्या अंगाला. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी न लावता तो पडला, तर रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि तिच्या मागे प्रोपेलर फिरत असतो. अडकवायला दोन सेकंद लागतात. ती स्विचलाच लोंबकळत ठेवणाऱ्या चालकाच्या बोटीत मी तरी माझ्या मुलांना बसवणार नाही.

प्रवासी पाण्यात पडला तर? तो उजवीकडे पडला असेल, तर चालकाने सुकाणू उजवीकडेच फिरवायचं. ऐकायला उलटं वाटतं. पण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळताना बोटीची मागची बाजू डावीकडे सरकते आणि प्रोपेलर त्या माणसापासून लांब जातो. मग वळसा घालून, अगदी हळू, त्याच्याकडे यायचं. तो जवळ आला की इंजिन पूर्ण बंद करायचं. नुसत्या न्यूट्रलवर विसंबायचं नाही. एकाने हात देईपर्यंत दुसऱ्याने नजर त्याच्यावरून हलवायची नाही, कारण लाटांमध्ये डोकं दिसेनासं व्हायला क्षणही पुरतो.

हे वाचून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं.

[उजनी जलाशय. आभाळ भरून आलेलं.]

धोका फक्त समुद्रातच असतो असं नाही. मे २०२४मध्ये उजनीच्या पाण्यात, कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. वळवाचं आभाळ दाटलं असताना बोट न सोडणं हाही चालकाच्याच कामाचा भाग आहे, आणि प्रवाशांनी त्याला घाई करू नये.

बोटीत बसण्याआधी प्रवासीक्षमता विचारा, माणसं मोजा. जॅकेट सीटखाली ठेवू नका, धक्का सोडण्याआधीच अंगात घाला आणि सगळे पट्टे आवळा. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलाच्या मापाचं मागा. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं, तर दुसरं मागा. मिळालं नाही, तर त्या बोटीने जाऊ नका.