खरीप म्हणजे कोणता ऋतू?

नमस्कार श्रोतेहो.

मी बरीच वर्षं ओमानमध्ये, मस्कतच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. अभ्यासक्रम इंग्लंडचा, मुलींच्या घरातली भाषा अरबी, आणि शिकवणारी मी वाशीमकडची. त्या शाळेतलं एक चित्र आज तुम्हाला सांगायचंय.

इंग्लंडमध्ये पहिलीच्या विज्ञानात चार ऋतू असतात. मुली पाच-सहा वर्षांच्या. आमच्या वर्कशीटवर चार चौकोन होते आणि प्रत्येकाखाली ऋतूचं इंग्रजी नाव. अरबी मुलींना समजावं म्हणून शेजारी अरबी नाव लिहिलं, आणि झालं रूपांतर, असं आम्ही समजलो. वसंताखाली ‘रबीअ’. तिसरा चौकोन ऑटमचा, पानगळीचा. त्याखाली ‘खरीफ’.

खरीफ! श्रोतेहो, शेतकऱ्याच्या घरात हा शब्द मुद्दाम शिकवावा लागत नाही. अरबीतला हा शब्द फारसीतून आपल्या महसुलाच्या कागदांत आला आणि खरीप झाला. रबीअची झाली रब्बी. पण त्या दिवशी हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एक मुलगी सलालाहची होती. सलालाह म्हणजे ओमानचं दक्षिण टोक, मस्कतपासून हजारेक किलोमीटर. तिनं तिसऱ्या चौकोनात हिरवेगार डोंगर काढले, वर राखाडी धुकं, खाली वाहतं पाणी आणि गवतात गुडघाभर बुडालेले दोन उंट. गळणारं एकही पान नाही. माझ्या सहकारी बाईंनी लाल फुली मारली. मुलगी रडली नाही. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मिस, खरीफ असाच असतो. माझ्या आजीकडे असाच असतो.”

आणि मला माझे वडील आठवले. खरीप म्हटलं की मृगाचा पाऊस, तिफण आणि ओल्या मातीचा वास. पानगळ कुठली! तिकडे सलालाहला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे धोफारच्या, म्हणजे त्या भागातल्या, डोंगरांना भिडतात, झिमझिम पाऊस लागतो, उघडे डोंगर हिरवे होतात. त्या पावसाळ्यालाच ते लोक खरीफ म्हणतात. आपल्या कोकणात पाऊस आणतात तेच हे वारे. म्हणजे मुलीचं चित्र तिच्या आजीच्या हिशेबानं बरोबर होतं, आणि माझ्या वडिलांच्या हिशेबानंही बरोबर होतं. बरोबरच होतं ते!

मी फुली खोडली. तिनं विचारलं, “मिस, तुमच्या खरीफमध्ये उंट असतात?” म्हटलं, “बैल असतात.” “आजीकडे गाई आहेत,” असं म्हणून तिनं उरलेल्या जागेत एक गाय काढून दिली.

मग आम्ही मूळ अभ्यासक्रम पुन्हा वाचला. त्यात पानं गळालीच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? ऋतूंतले बदल पाहा, हवा कशी असते ते सांगा, दिवस किती लहानमोठा होतो ते पाहा, एवढंच. मस्कतमध्येही दिवस लहानमोठा होतोच की. आम्ही अंगणात काठी रोवली आणि दर महिन्याला दुपारच्या सावलीची लांबी मोजली. छापील चित्रात रंग भरणं म्हणजे विज्ञान, हे मला कधीच पटलं नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? विदर्भातली मुलं भर मार्चमध्ये बर्फाचा बाहुला रंगवतात, आणि मृग कधी लागतो ते त्यांना ठाऊक नसतं. फार वाईट वाटतं मला.

बाकीचं थोडक्यात सांगते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पेनचं बेन होतं. वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही, म्हणून ‘आय हॅपी’. या चुका आळशीपणाच्या नव्हेत, त्या घरच्या भाषेतून येतात. इतिहासात लंडनची 1666 ची आग शिकवा, जरूर शिकवा. पण त्याच ब्रिटिश अभ्यासक्रमात मोठ्या मुलांसाठी इसवी सन 900 च्या सुमाराचं बगदाद निवडायची मुभा आहे. आम्ही ते निवडलं.

आणि पुढच्या वर्षी वर्कशीटवरचे चारही चौकोन आम्ही कोरे ठेवले. ऋतूंची नावं मुलींनी घरी आजीला विचारून आणायची होती.