बर्फावरच्या हॉकीवाल्यांनी मुलांचं मैदान लहान का केलं?

नमस्कार मंडळी. सकाळचे सव्वासहा झालेत, मागे आमची रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, दिसतेय. अर्ध्या तासात ऊन चटके द्यायला लागेल, म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

हे बघा माझ्या हातात काय आहे. काळं कडक रबर, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. याला पक म्हणतात. आइस हॉकीत चेंडू नसतो, हा असतो. आता तुम्ही म्हणाल, मॅडम, नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि तुम्ही बर्फाच्या खेळाचं काय सांगून राहिल्या? सांगते. मी बारा वर्षांपासून लहान मुलांना रोलर स्केटिंग आणि रोलर हॉकी शिकवते. खेळातलं तंत्र मला इथल्याच लोकांनी शिकवलं, पण मुलांच्या बाबतीत घाई का करायची नाही, हे मी या बर्फवाल्यांकडून शिकले.

अमेरिकेत आइस हॉकी हा महागडा खेळ. स्केट्स, पॅड, रिंकचं भाडं, सगळा खर्च आईवडिलांच्या खिशातून. एवढं करूनही लहान मुलं दोन-चार वर्षांत खेळ सोडून जात होती. जी टिकत होती, ती सामन्यांमागून सामने खेळत होती, सराव त्या मानानं कमी. आणि हे सगळं मोठ्यांच्या मापाच्या रिंकवर. मोठ्यांची रिंक म्हणजे किती? २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. त्यात सात वर्षांचं पोर सोडायचं आणि म्हणायचं, खेळ.

(कॅमेरा खाली, सिमेंटवरच्या खडूच्या रेघेवर)

ही रेघ बघा. ही माझ्या हातची आहे, आणि हिच्यामागे एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिला दहा मिनिटांच्या सामन्यात नुसतं बघत उभी राहिले. चेंडू तिच्या काठीला दोनदा लागला, त्यातला एकदा चुकून. बाकी सगळा वेळ ती घोळक्याच्या मागे धावून राहिली होती. पुढे दोन मोठी पोट्टी चेंडू घेऊन जायची, मागे बाकीचे आठ. बाहेर बसलेल्या तिच्या बाबांना वाटत होतं, पोरगी खेळतेय.

दुसऱ्या दिवशी मी रिंकचे आडवे तीन भाग केले. प्रत्येक भागात तिघं विरुद्ध तिघं, गोलकीपर नाही, शिट्टी नाही. जागाच नाही म्हटल्यावर पळून जाता येत नाही. वळावं लागतं, थांबावं लागतं, मान वर करून बघावं लागतं. त्या मुलीकडून चेंडू गेला, तिनं परत घेतला, पुन्हा गेला. आणि मी तीन महिने जे डाव्या पायानं ब्रेक मारणं शिकवत होते, ते तिनं त्या दिवशी न सांगता केलं, कारण समोर दुसरी मुलगी आडवी आली होती. शिकवण्यातला माझा वाटा त्यात एका खडूइतकाच.

अमेरिकेच्या हॉकी संघटनेनं, यूएसए हॉकीनं, २००९ साली हेच देशभर लागू करायला घेतलं. अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेल असं त्याचं नाव. पाया होता खेळाडूच्या दीर्घकालीन घडणीचा विचार; इश्तवान बायी नावाच्या, मूळ हंगेरीच्या आणि पुढे कॅनडात काम केलेल्या तज्ज्ञांनी तो मांडला होता. मूल आज काय जिंकतं हे न बघता, त्याच्या शरीराला आणि मनाला या वयात काय पेलतं ते बघून सराव आखायचा. आठ वर्षांखालच्यांना रिंकच्या एका तुकड्यात खेळवायचं, आणि त्यांचा पकसुद्धा निळा, हलका. एका सामन्यामागे साधारण तीन सराव. आणि ज्यावर तिकडे खूप वाद झाले ती गोष्ट, बारा वर्षांखालच्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच बंद करून टाकली. मला हा निर्णय सगळ्यात धाडसी वाटतो. कुठल्याही संघटनेला विचारा, स्पर्धा सुरू करणं सोपं असतं, बंद करणं नाही.

दुसरी गोष्ट धक्क्याची. आइस हॉकीत अंगानं धक्का मारून समोरच्याला अडवता येतं, त्याला बॉडी चेकिंग म्हणतात. कॅनडातल्या अल्बर्टात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ते चालत होतं, क्यूबेकमध्ये नव्हतं. कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तुलनेला घेतली आणि २०१०मध्ये निष्कर्ष छापला. जिथे धक्का चालत होता तिथे कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा, धोका तिपटीहून जास्त. अमेरिकेनं २०११ साली धक्क्याचं वय तेरा-चौदाच्या गटापर्यंत पुढे ढकललं. कॅनडाही २०१३मध्ये त्याच वाटेनं गेला.

आता निवडीकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

रॉजर बार्न्सली नावाचे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नी पॉला यांना एका ज्युनियर आइस हॉकी सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा वाचताना एक गोष्ट खटकली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पुन्हा जानेवारी. बार्न्सलींनी मग नोंदी काढून तपासलं, १९८५ साली त्यावर लेखन प्रसिद्ध झालं. कॅनडात वयोगट १ जानेवारीला बदलायचा. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात. नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे केवढा फरक! मोठा मुलगा उंच, दणकट, म्हणून निवडला जातो. निवडला म्हणून त्याला जास्त सराव मिळतो, चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरवालं पोर तोवर घरी बसलेलं असतं. आपण समजतो, गुण ओळखले. ओळखली असते जन्मतारीख.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा जन्म ९ डिसेंबरचा. २०२५मध्ये तिनं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळाच्या पटावर कोणी तिची उंची मोजली नाही. मैदानात आपण मोजतो, रोज मोजतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

त्यात वाढीचा झपाटा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगानं वाढते, मुलांची चौदाव्या. पण एकाच वर्गातले तेरा वर्षांचे दोन मुलगे घ्या, एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून बाळसेदार. या काळात हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात. मांडीच्या स्नायूची दोरी जिथे नडगीच्या हाडाला चिकटते, तिथे ओढ बसते, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येतं, जिना उतरताना कळ जाते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. तेरा वर्षांची असताना मला हे झालं होतं. सकाळ-संध्याकाळ सराव, उन्हाळ्याची सुट्टी नाही, दुसरा कुठला खेळ खेळायला मनाई. दुखतंय म्हटलं तर उत्तर आलं, नाटकं करू नको, जिल्ह्याची निवड तोंडावर आहे. मी त्या सरांचं नाव घेणार नाही, त्यांनाही कोणी हे शिकवलं नव्हतं. मी निवडले गेले, मेडलही आणलं. चौदाव्या वर्षी स्केट्स माळ्यावर गेले ते पुढची नऊ वर्षं खाली आले नाहीत. मेडल आईनं जपून ठेवलंय. मला ते बघवत नाही.

म्हणून रविवारी जेव्हा एखादे बाबा विचारतात, "मॅडम, हिचं मेडल कधी येईन?" तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, प्रमाणपत्र लागतं, शेजारच्या पोट्ट्याचं कपाट ट्रॉफ्यांनी भरलेलं दिसतं. त्यांची काळजी खरी आहे. मी त्यांना नॉर्वेबद्दल सांगते. तिथे १९८७पासून मुलांच्या खेळाचे लेखी नियम आहेत. आज त्या नियमांप्रमाणे मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचं होतं ते वर्ष येईपर्यंत निकालाची यादी नाही, क्रमवारी नाही. तेरा वर्षांचं होतं ते वर्ष येईपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास; आपला नागपूर जिल्हाच २०११च्या जनगणनेत ४६ लाखांचा होता. आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदकं नेली. नुसत्या नियमांनी पदकं येतात असं मी म्हणत नाही, तिथे बर्फ आहे, पैसा आहे. पण थांबल्यामुळे मुलं मागे पडतात, ही भीती तरी त्या देशाकडे बघून जायला हवी.

आणि आपल्याकडेही बर्फ आहेच. लडाखची मुलं-मुली गोठलेल्या तलावांवर खेळून मोठी होतात, थंडीचे मोजके महिने. त्यांच्याच बळावर भारताच्या महिला संघानं २०२५च्या आशिया चषकात कांस्य आणलं.

बरं, तुम्हाला तुमच्या कॉलनीत सुरू करायचं असेल तर ऐका. रिंक नसली तरी चालेल, बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट घ्या. आडव्या दोन रेघा मारा, तीन भाग होतील. दर भागात तिघं-तिघं. दोन मिनिटं खेळ, एक मिनिट पाणी, मग जोड्या बदला, म्हणजे मोठी मुलं एका बाजूला साचत नाहीत. गोलच्या जागी शंकूच्या आकाराचे दोन प्लॅस्टिकचे कोन ठेवा, चार फुटांच्या अंतरावर. हेल्मेट आणि नी-पॅडशिवाय कोणी आत यायचं नाही, त्यात सूट नाही. गुण लिहू नका. मुलं आपापसात मोजतातच, मोजू द्या. आणि चेंडू हलका घ्या. रबरी जड वाटला तर प्लॅस्टिकचा घ्या, मात्र फार उसळणारा नको, नाहीतर अर्धा वेळ नालीतून काढण्यात जातो.