साप मारला, पण विषाचं काय? अँथ्रॅक्सवरची अँटिबॉडी

राम राम मंडळी! गुरांच्या फाशीवर, म्हणजे अँथ्रॅक्सवर बोललो होतो, तर चोपड्याकडच्या एका भाऊंचा फोन आला. म्हणे, "सर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकनं जंतू मरतो ना? मग ते अँटिबॉडीचं इंजेक्शन कशाला काढलं?"

प्रश्न रास्त आहे. अँटिबॉडी म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीला ओळखून धरणारं प्रथिन. पण मला सांगा, कपाशीत कुणाला साप चावला आणि लोकांनी साप मारला, तर विष उतरतं का? इथंही तेच. श्वासातून बीजाणू, म्हणजे जंतूची कवचात झोपलेली रूपं, फुप्फुसात जातात, छातीतल्या गाठींत रुजतात, जंतू वाढतो आणि रक्तात विष सोडतो. अँटिबायोटिक जंतूला मारतं. सुटलेलं विष आपलं काम करतच राहतं.

या विषाचे तीन भाग. लीथल फॅक्टर आणि एडिमा फॅक्टर हे दोघं नुकसान करणारे, पण पेशीत स्वतःहून शिरायची त्यांची ताकद नाही. तिसरा प्रोटेक्टिव्ह अँटिजेन. तो पेशीला चिकटतो, असे सात मिळून कडं तयार होतं आणि त्यातून ते दोघं आत घुसतात. अँटिबॉडी नेमकी या तिसऱ्यालाच धरते. तो चिकटलाच नाही, तर बाकीचे दोघं बाहेरच.

सापाची लस घोड्याच्या रक्तातून काढतात, हो, सारंगखेड्याच्या बाजारात दिसतात तसेच घोडे! तिच्यात नाना तऱ्हेच्या अँटिबॉडी मिसळलेल्या असतात. अँथ्रॅक्सवरची मात्र मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जातीची, प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवून घेतलेली. अशा दोन औषधांपैकी अमेरिकेत रॅक्सिबॅकुमॅबला २०१२ साली आणि ऑबिल्टॉक्सॅक्सिमॅबला २०१६ साली मंजुरी मिळाली. दोन्ही शिरेतून, हळूहळू द्यायची.

आता खरी गंमत. ही औषधं लागू पडतात हे माणसांवर तपासलेलंच नाही! कारण मुद्दाम कुणाला अँथ्रॅक्स देणार? गुण ससे आणि माकडांवर पाहिला, सुरक्षितता निरोगी स्वयंसेवकांवर. अशा पुराव्यावर मंजुरी देण्याच्या अमेरिकी नियमाला 'ॲनिमल रूल' म्हणतात. काही जण नाक मुरडतात. मला तरी दुसरा सरळ रस्ता दिसत नाही. पण सशाचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नका. शिवाय ऑबिल्टॉक्सॅक्सिमॅबवर जिवघेण्या ॲलर्जीचा ठळक इशारा छापलेला असतो.

तर भाऊ, अँटिबॉडी जंतू मारत नाही. म्हणून ती अँटिबायोटिकच्या जोडीला द्यायची, त्याच्या जागी नाही.

आणि जळगाव-धुळ्याच्या मेडिकलवर ती विचारत फिरू नका. अमेरिकेत २००१ साली पाकिटांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला, २२ जणांना लागण झाली, ५ गेले; तसल्या हल्ल्यासाठी या औषधांचा साठा असतो. आपल्याकडे धोका गोठ्यात. बैल धडधाकट होता, अचानक मेला, नाकातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय? कातडं सोलायला कुणाला बोलावू नका, मेलेलं जनावर फाडू नका. हवा लागली की जंतूचे बीजाणू होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पशुवैद्यकाला फोन करा, ते सांगतील तसं खोल खड्ड्यात पुरा. आणि तुमच्या हातावर न दुखणारा काळा खपलीचा फोड दिसला, तर डॉक्टरांना गुराचंही सांगा.