हाडाला टाका घालायचा कसा?

खांद्याचं ऑपरेशन झालेले लोक एक्स-रे घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, आत हे तीन स्क्रू दिसताहेत, ते काढायचे कधी?" कधी नेमकं उलटं होतं. एक्स-रेत काहीच दिसत नाही आणि आत खरंच काही बसवलंय की नाही, अशी शंका घरातल्या कुणाला तरी येते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरासाठी थोडं मागून यावं लागेल.

कातडी शिवता येते, स्नायू शिवता येतो, आतडंसुद्धा शिवता येतं. हाडात मात्र सुई शिरत नाही. आणि गंमत अशी, की मऊ टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरखंडासारखा पट्टा, जिथे कठीण हाडाला चिकटतो तिथेच फाटण्याची खोड शरीराला आहे. खांद्यातल्या चार स्नायूंचे टेंडन एकत्र येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्यावर टोपीसारखे बसतात, त्याला आपण रोटेटर कफ म्हणतो. वयानं झिजून किंवा पडल्या-झडल्यानं ही टोपी हाडावरून सुटते. मग हात वर जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. ती टोपी परत हाडाला बांधायची, एवढंच काम. पण बांधायची कशाला?

जुन्या सर्जनांनी सरळ हाडालाच भोकं पाडली. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी फाटलेला कफ शिवल्याचं १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो त्यांची खोबणीच्या काठावरची किनार सुटलेली असते, ती हाडाला परत जोडा, असं लंडनच्या बँकार्ट यांनी १९२३ मध्ये मांडलं. मांडणं सोपं, करणं कर्मकठीण. खोल जागेत, खोबणीच्या निमुळत्या काठावर दोन भोकं आत एकमेकांना भेटतील अशी पाडायची आणि त्यातून वाकडी सुई फिरवून आणायची. हात पोचण्यापुरती जागा हवी, म्हणून छेदही मोठा. बोटाच्या टोकाचा टेंडन तुटला तर दोरा थेट नखातून बाहेर काढून त्यावर चक्क एक बटण बांधत, सदऱ्याला असतं तसंच. दिसायला ओबडधोबड, पण धरून ठेवायचं.

१९८० च्या दशकात अँकर, म्हणजे हाडात रुतून दोरा धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या, आले आणि प्रश्नच पालटला. हाडातून आरपार जायचं कशाला, एकाच भोकात दोरा अडकवून ठेवला तर? भिंतीत ड्रिल मारून गिट्टी ठोकतो आणि तिच्यात स्क्रू पिळतो, तसाच हा विचार. सुरुवातीच्या एका गाजलेल्या अँकरला निटिनॉलचे वाकडे काटे होते. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तो सापडला आणि नावातलं शेवटचं 'नॉल' हे त्या प्रयोगशाळेचीच आद्याक्षरं. त्याची तार बरीच वाकवली तरी मूळ आकारात परतते. भोकातून जाताना काटे दबून सरळ होतात, आत पोचले की फाकतात आणि हाडाच्या कवचाला खालून अडकतात. मासा गळाला लागतो तो अशाच उलट्या काट्यामुळे.

भिंतीचा दाखला आणखी थोडा ताणतो. हाडाचंही तसंच असतं, वर पातळ पण टणक कवच आणि आत जाळीदार, पोकळ भाग. अँकर धरतो तो मुख्यतः कवचाच्या जोरावर. वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसात आतली जाळी इतकी विरळ असते की टोच्या हातोडीशिवायच आत जातो. तसं झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

एकदा अशाच एका वृद्ध बाईंच्या खांद्यात दुर्बिणीतून अँकर बसवला. पडद्यावर सगळं देखणं दिसत होतं. अँकरची शेवटची खूण कवचाच्या खाली गेली, हँडल सुटलं, एक पांढरा आणि एक निळा असे दोन दोरे नळीतून बाहेर आले. बसवल्यावर दोरा ओढून बघायची सवय आहे म्हणून ओढला, तर दोऱ्याबरोबर अख्खा अँकर वर आला. दुर्बिणीसाठी सांध्यात भरलेल्या पाण्यात तरंगणारा तो स्क्रू मला अजून दिसतो. ते भोक सोडलं, सांध्याच्या कडेकडे सरकलो, कारण तिथलं हाड जास्त भरीव असतं, आणि जाड व्यासाचा अँकर घेतला. तो बसला. ओढून बघितलं नसतं, तर हेच तीन आठवड्यांनी घरी झालं असतं.

अँकर कोणत्या कोनात घालावा, यावर आमच्यात बराच खल झाला. टेक्सासच्या स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९५ मध्ये शेताच्या कुंपणाचा दाखला दिला. कोपऱ्यातला खांब उन्मळू नये म्हणून जमिनीत एक वजन पुरून त्याला तारेनं ताण देतात. ती तार जमिनीशी जितका कमी कोन करेल, तितकी पकड चांगली. म्हणून अँकरही ओढीच्या उलट दिशेला, साधारण ४५ अंशांत कलता घालावा. पुढे प्रयोगशाळेत आटेवाले अँकर ओढून बघितले, तेव्हा काही चाचण्यांत काटकोनात घातलेलेच सरस ठरले. माझं मत विचाराल, तर कोनापेक्षा हाड बघा.

आता धातू. टायटॅनियमचा अँकर मजबूत, पण सैल होऊन वर आला तर सांध्याची गुळगुळीत कूर्चा खरवडतो आणि एमआरआयमध्ये आजूबाजूचं चित्र बिघडवतो. म्हणून विरघळणारे अँकर निघाले. त्यातलं एक प्लास्टिक इतक्या लवकर विरघळायचं की आसपासचं हाडच पोखरलं जायचं, तर दुसरं वर्षानुवर्षं तसंच राहायचं. मग 'पीक' नावाचं न विरघळणारं प्लास्टिक आलं. ते एक्स-रेत दिसत नाही, म्हणजे घरच्यांची शंका इथे मिटली. अलीकडे तर नुसत्या दोऱ्याचेच अँकर मिळतात. विणलेली छोटी नळी भोकात सारायची आणि दोरा ओढायचा, की ती कवचाखाली चुरगळून गोळा होते. भोक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं.

अँकर सुधारले, पण तुटायचं थांबलं नाही, फक्त जागा बदलली. आधी अँकर उपटायचा. तो धरू लागला तसा पॉलिएस्टरचा दोरा किंवा त्याची गाठ दगा देऊ लागली. नळीतून सरकवलेली गाठ आपोआप घट्ट राहत नाही, तिच्यावर दिशा बदलत निदान तीन अर्ध्या गाठी माराव्या लागतात. मग पॉलिएथिलीनचे दोरे आले. ते हातानं तुटत नाहीत, बोट मात्र कापतात. आता दोरा राहतो, गाठ राहते, अँकरही राहतो आणि दोरा टेंडनलाच चिरत जातो, साबणाची वडी दोऱ्यानं कापावी तसा. जोर लावला की मोठ्या फाटीवर साधारण ३०० न्यूटन ओढ येते, म्हणजे तीसेक किलो वजन टांगल्यासारखी. म्हणून हल्ली ओढ वाटून देण्यासाठी अँकरच्या दोन रांगा घालून मधल्या टेंडनवर दोऱ्यांची जाळी ताणतात. प्रत्येक खांद्याला ती हवीच असं नाही. लहान फाटीला एक रांग पुरते, आणि जास्त अँकर घालणारा तो चांगला सर्जन, असं मी मानत नाही.

राहिला तो काढण्याचा प्रश्न. जागेवर असलेला अँकर काढायचा नसतो, तो आयुष्यभर आत राहिला तरी चालतो. त्याचं खरं काम पहिले तीनेक महिनेच असतं, टेंडन हाडाला चिकटेपर्यंत. चिकटतो तोही मुळासारखा नाही, व्रण भरतो तसा. म्हणून चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवायला सांगतो. आणि तिसऱ्या आठवड्यात लोक झोळी काढून ठेवतात, कारण तेव्हा दुखणं कमी होतं. दुखणं कमी झालं ते सूज उतरली म्हणून. टेंडन तेव्हा दोऱ्यांवरच लटकलेला असतो.