लेन्स घासता, पण डबीचं काय?

नमस्कार. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर आज आधी लेन्सची डबी हातात घ्या. झाकण उघडा. कालचं सोल्युशन अजून आत आहे?

(डबी कॅमेऱ्याजवळ धरून)

रात्रभरात या सोल्युशनचा जंतू मारायचा जोर ओसरलेला असतो. त्यातच वरून चार थेंब नवं टाकलं, तर जंतू मरत नाहीत. ते डबीच्या भिंतीला चिकट थर धरतात आणि त्या थराच्या आत सोल्युशन नीट पोचतच नाही. 2006 साली अमेरिकेत फ्युझेरियम बुरशीमुळे लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळांना संसर्ग झाला आणि एक सोल्युशन बाजारातून मागे घ्यावं लागलं. ते सोल्युशन वापरणाऱ्यांतही, डबीतलं जुनंच पुन्हा वापरणारे जास्त आजारी पडल्याचं तपासात दिसलं.

म्हणून रोज सकाळी लेन्स घातली की डबी पूर्ण रिकामी करा. ताजं सोल्युशन घालून स्वच्छ बोटाने आतून घासा, ओतून द्या, कोऱ्या टिश्यूने पुसा. मग झाकणं काढून टिश्यूवर पालथी ठेवा, बाथरूमच्या बाहेर. पावसाळ्यात नुसतं वाळत ठेवून भागत नाही, पुसायलाच हवं. दर 3 महिन्यांनी डबी बदला.

डबी नळाखाली धरायची नाही. फिल्टरचं पाणीही नको. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत तळाला गाळ असतो, तिथे तो मजेत जगतो, आणि त्याच्या कवचबंद अवस्थेला क्लोरीन सहज मारू शकत नाही. लेन्सला चिकटून तो थेट बुबुळावर जातो. उपचार कित्येक महिने चालतात, आणि बरं झाल्यावरही डोळ्यात फूल राहू शकतं. हात साबणाने धुतल्यावर कोरडे करायचे ते याचसाठी. ओल्या बोटावरचा थेंब हेही नळाचंच पाणी. अंघोळ आणि पोहणं लेन्स काढून.

रात्री लेन्स तळहातावर घ्या, दोन-तीन थेंब सोल्युशन, प्रत्येक बाजू बोटाने 10 ते 20 सेकंद हलकेच घासा, सोल्युशनने खळाळा, मग ताज्या सोल्युशनमध्ये बुडवा. बाटलीवर ‘घासण्याची गरज नाही’ लिहिलं असलं तरी घासाच. किती तास ठेवायचं ते बाटलीवर असतं, बहुधा 4 ते 6. सलाइनने फक्त धुता येतं, जंतू मरत नाहीत. पेरॉक्साइडवालं सोल्युशन असेल तर त्याच्यासोबत आलेलीच डबी वापरा आणि सांगितलेले तास पूर्ण होऊ द्या, नाहीतर डोळा भाजल्यासारखा होरपळतो.

लेन्स घालून झोपू नका, दुपारच्या डुलकीलाही नाही.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय? लेन्स लगेच काढा. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, त्यात स्टिरॉइड असलं तर संसर्ग आणखी बळावतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जाताना लेन्स आणि डबी दोन्ही न धुता, आहेत तशी सोबत न्या. कुठला जंतू आहे हे त्यांच्यावरूनही प्रयोगशाळेत शोधता येतं.